बचत सारखी मोडावी लागते, कारण तिच्यात वर्षाचा खर्च दडलेला असतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशावर बेतलंय ते स्पष्ट राहील. तुम्ही एकतीस वर्षांचे, चाकणला नोकरी, हातात ५८ हजार येतात. पत्नी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहेत, त्यांचे १७ हजार. मुलगी चार वर्षांची, मोशीत भाड्याचं घर, आईवडील वाळवा तालुक्यात शेतीवर. दर एक तारखेला तुम्ही २५ हजार बाजूला काढता : १५ हजारांच्या एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा आपोआप जाणारे हप्ते) आणि १० हजार दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात. तरीही वीस तारखेनंतर क्रेडिट कार्ड काढावं लागतं, या वर्षात तीनदा फंडातले पैसे काढले, आणि कार्डावर ३८ हजार थकलेत. पत्नी विचारतात, ‘आपण जगायचं कधी?’ आणि तुम्हाला सहाशे रुपयांचं हॉटेलचं बिल भरतानाही मन खातं. त्यावरून तुम्ही विचारलंय, की पगाराच्या किती टक्के बचत योग्य?

टक्क्यांचा आकडा मी सांगू शकते, पण त्याने तुमचा एकही महिना सुधारणार नाही. पन्नास-तीस-वीस हे सूत्र तुम्ही वाचलेलं दिसतंय : निम्मा पगार गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. ते अमेरिकेतलं आहे, २००५ च्या सुमारास तिथल्या कुटुंबांसाठी मांडलेलं. त्यात आईवडिलांना दरमहा पैसे पाठवण्याचा रकाना नाही, गावाकडची जत्रा नाही आणि चुलतभावाच्या लग्नातला आहेरही नाही. शिवाय त्या मापाने पाहिलं तर तुम्ही उत्तीर्णच आहात. पंचाहत्तर हजारांतले पंचवीस, म्हणजे ३३ टक्के तुम्ही बाजूला काढता. इतकं काढूनही कार्डावर कर्ज होतंय, म्हणजे दुखणं टक्क्यांत नाही. ते या पंचवीस हजारांत नेमकं काय काय भरलंय, यात आहे.

मी नोकरदार कुटुंबांना शुल्क घेऊन पैशाचं नियोजन करून देते, पॉलिसी किंवा फंड विकत नाही. माझ्याकडे कुणी आलं की मी पगाराची स्लिप नंतर मागते. आधी गेल्या बारा महिन्यांचं बँक आणि कार्डाचं स्टेटमेंट मागते. त्यात दरमहा न येणारा, पण तीन हजारांच्या वरचा प्रत्येक खर्चावर आम्ही मिळून पेन्सिलने खूण करतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण नवरा-बायको दोघं शेजारी बसून करतात तेव्हा अर्धी भांडणं तिथल्या तिथेच मिटताना मी पाहिली आहेत. कारण घरातला पैसा हॉटेलात जातो की ऑनलाइन खरेदीत, यावर वाद घालत आलेल्या दोघांनाही दिसतं, की मोठ्या खुणा भलत्याच ठिकाणी आहेत.

तुम्ही लिहिलेल्या तपशिलातूनच त्या खुणा काढू. जूनमध्ये मुलीच्या शाळेची वार्षिक फी ३० हजार. दिवाळीचे कपडे, फराळ, भाऊबीज, गावी जाणं-येणं मिळून २५ हजार. एलआयसीचा हप्ता २४ हजार. जत्रा आणि घरातली लग्नकार्यं २० हजार. दातांचं काम, मुलीची आजारपणं, आईच्या तपासण्या, असं विम्यात न बसणारं १२ हजार. फ्रिजची दुरुस्ती आणि एक मोबाईल मिळून १२ हजार. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, टायर ९ हजार. अकरा महिन्यांनी भाडेकरार नव्याने नोंदवायचा खर्च ४ हजार. बेरीज १ लाख ३६ हजार होते. बाराने भागली तर महिन्याला ११,३३३ रुपये.

हे पैसे तुमच्या महिन्याच्या हिशेबात कुठेच नाहीत. तुम्ही दरमहाचा खर्च सांगितलात तो असा : भाडं आणि मेंटेनन्स १५ हजार, गावी ८ हजार, किराणा-दूध-भाजी-गॅस १४ हजार, वीज-मोबाईल-इंटरनेट अडीच हजार, पेट्रोल आणि बस साडेचार हजार, पाळणाघर ४ हजार, गाडीचा हप्ता साडेतीन हजार. एकूण ५१,५००. त्यात पंचवीस हजारांची बचत मिळवली की ७६,५०० होतात. येतात पंचाहत्तर. म्हणजे हॉटेलची पायरी चढण्याआधीच, वर्षाचा एकही मोठा खर्च न येताही, महिना दीड हजारांनी तुटीत आहे. मग जूनमध्ये फी आली की फंड मोडायचा, दिवाळी आली की बचत खातं रिकामं करायचं आणि मधल्या महिन्यांत कार्ड. यात उधळपट्टी कुठे दिसते का? मला तरी दिसत नाही. तुमचा खर्च नेटका आहे. त्यातला एक मोठा हिस्सा मात्र तुम्ही बचतीच्या नावावर लिहून ठेवलाय.

तुमच्या वडिलांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पेरणीसाठी बाजूला ठेवलेलं बियाणं कुणी शिल्लक धान्यात मोजत नाही. ते कणगीत दिसत असलं तरी खाण्याचं नाही आणि विकण्याचंही नाही, त्याची वेळ ठरलेली असते. शाळेची फी, दिवाळी, विम्याचे हप्ते हे पैसे तसेच आहेत. ते तुमचे आजचे नाहीत आणि म्हातारपणाचेही नाहीत. ते चार-सहा महिन्यांनंतरच्या तुमचे आहेत. ते दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत ढकलले की दर काही महिन्यांनी गुंतवणूक मोडावी लागणारच. आणि प्रत्येक मोडीला पैसेही जातात. बहुतेक इक्विटी फंडांत, म्हणजे शेअर बाजारात पैसे लावणाऱ्या फंडांत, वर्षाच्या आत काढलं तर १ टक्का एक्झिट लोड (लवकर बाहेर पडण्याचं शुल्क) लागतो, आणि वर्षाच्या आतल्या नफ्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे.

पैशांपेक्षा मोठं नुकसान मात्र मनाचं होतं. बचत मोडली की माणसाला वाटतं, आपल्याला शिस्त नाही. मग पुढच्या महिन्यात तो आणखी कडक होतो, वीस हजारांचे पंचवीस करतो, आणि आणखी लवकर मोडतो. तुमच्या प्रश्नातली ‘मी गेल्या वर्षीच रक्कम वाढवली’ ही ओळ वाचून मला हेच चक्र दिसलं.

आता खरा हिशेब करू. पंचवीस हजारांतून वर्षाच्या खर्चाचे ११,३३३ आणि तुटीचे १,५०० वजा केले तर उरतात १२ हजारांच्या आसपास. खर्च आणि बचत यांच्यातला सगळा निवाडा या बारा हजारांवर व्हायचाय. आकडा ऐकून निराश होऊ नका, कारण एक रक्कम तुम्ही मोजलीच नाही. तुमच्या स्लिपवर पीएफची कपात ३,६०० आहे. कंपनीही तेवढेच भरते, त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि २,३५० तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे दरमहा ५,९५० रुपये तुमच्या नावावर साठतायत, आणि २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं होतं. निवृत्तीसाठी तुमची बचत चालू आहे. ती तुमच्या हातात येत नाही म्हणून दिसत नाही, आणि म्हणूनच ती टिकली आहे.

या बारा हजारांची विभागणी कशी करावी, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. तुम्ही कायम आहात की कंत्राटावर, हे लिहिलेलं नाही. चाकणच्या पट्ट्यात तो फरक फार मोठा आहे. पगारात ओव्हरटाइमचा हिस्सा किती? मंदीत तो सगळ्यात आधी बंद होतो, म्हणून ओव्हरटाइम धरून महिना बसवू नये. आईवडिलांची जबाबदारी पुढे वाढणार आहे का, भावंडं वाटून घेतात का? घर घ्यायचंच आहे का, की गावाकडचं पुरे? यातलं काही वेगळं असेल तर माझे आकडे बदलतील. आणि एक सरळ सांगते : ज्या घरात सगळे मिळून वीस-पंचवीस हजारच येतात, तिथे बचतीच्या टक्क्यांचा उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं. तिथे आधी सावकारी किंवा ॲपवरचं कर्ज थांबवणं आणि उत्पन्न वाढवणं हेच काम. तुमची परिस्थिती तशी नाही.

तुम्ही कायम आहात आणि ५८ हजार ओव्हरटाइम सोडून आहेत असं धरून मी असं करेन. वर्षाच्या खर्चाचे साडेअकरा हजार एका वेगळ्या खात्यात, पगार झाला की लगेच. उरलेल्या बारांतले सात हजार बचतीला. आणि पाच हजार मोकळे : दोन हजार तुमचे, दोन हजार पत्नीचे, एक हजार घराचे.

त्या पाच हजारांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तुमच्या घरातली ओढाताण तिथेच सुटणार आहे.

तुम्हाला सहाशे रुपयांवर मन का खातं? कारण कुठवर खर्च करायला हरकत नाही ही रेघच तुम्ही मारलेली नाही. रेघ नसली की प्रत्येक रुपया भविष्यातून चोरल्यासारखा वाटतो. मग खर्च होतोच, पण त्याचा आनंद मिळत नाही. पैसेही गेले आणि संध्याकाळही गेली. रक्कम आधी ठरलेली असेल तर तो निर्णय एक तारखेला झालेला असतो, हॉटेलात बसून पुन्हा करावा लागत नाही.

माझी यात एक अट असते, आणि ती मी प्रत्येक जोडप्याला घालते : या दोन-दोन हजारांचा हिशेब एकमेकांना विचारायचा नाही. पत्नीने त्यात कुर्ता घेतला, मैत्रिणींची भिशी लावली, माहेरी भाचीला काही नेलं, तरी ‘कशाला?’ हा शब्द काढायचा नाही. तुम्ही मित्रांबरोबर खर्च केलेत तर त्यांनीही नाही. नवऱ्याच्या बरोबरीने नोकरी करणाऱ्या बाईला दोनशे रुपयांच्या वस्तूची किंमत दीडशे सांगावी लागते, हे मी इतक्या घरांत ऐकलंय की या अटीबाबत मी अजिबात मागे हटत नाही. ‘आपण जगायचं कधी?’ हा तुमच्या पत्नीचा प्रश्न तक्रार म्हणून ऐकू नका. त्या हिशेबातली एक राहिलेली ओळ दाखवतायत.

उलट बाजूही मी जवळून पाहिली आहे. कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. मुदत ठेवींवर दोघांचं आरामात चालेल इतकी रक्कम होती. पण आयुष्यभर ‘मुद्दलाला हात लावायचा नाही’ हे इतकं अंगात मुरलेलं, की पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ते वर्षानुवर्षं पुढे ढकलत राहिले. डॉक्टर कधीच हो म्हणाले होते, पैसेही होते. अडसर फक्त ठेव मोडण्याचा होता. शेवटी मुलीने बसून कागदावर लिहून दाखवलं, की ही ठेव याच कामासाठी आहे, तेव्हा ते तयार झाले. खर्च करणंही शिकावं लागतं, आणि साठाव्या वर्षी ते एकदम जमत नाही. म्हणून तिशीतल्या लोकांना मी मोकळे पैसे ठेवायला लावते, रक्कम पाचशे असली तरी.

खात्यांची मांडणी सांगते. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलं ठेवू नका. घरखर्चाचं वेगळं खातं करा, महिन्याची रक्कम तिथे टाका आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्याला जोडा. पंधरा तारखेला त्यात किती उरलंय ते पाहिलं की पुढचे पंधरा दिवस कळतात, वहीत दर चहाची नोंद करावी लागत नाही. ज्यांना वही लिहायला आवडते त्यांनी जरूर लिहावी, पण बहुतेक घरांत ती तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. वर्षाच्या खर्चाचं खातं तिसरं. ते साधं बचत खातं असलं तरी चालेल, व्याजाच्या मागे लागू नका. त्याच्या पासबुकात पहिल्या पानावर वर्षाच्या खर्चाची यादी चिकटवा. त्या यादीत नसलेल्या कामाला त्या खात्याला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी हे खातं एखाद्या महिन्यात अपुरं पडेल, कारण दिवाळी त्याचे बारा महिने भरायची वाट पाहणार नाही. तुमची फी आत्ताच भरून झाली आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंत त्यात पंचेचाळीस हजारांच्या वर जमलेले असतील. एलआयसीचा हप्ता त्याच्या आसपास येत नसेल तर निभेल. तरी कमी पडलं तर त्या महिन्याचे बचतीचे सात हजार इकडे वळवा, कार्ड काढू नका.

आता कार्डाबद्दल. हे काम या आठवड्यातलं आहे. कार्डावरचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ३८ हजारांवर दरमहा दीड हजारांहून जास्त जातायत. आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरलं की कार्ड बंद पडत नाही, दंड लागत नाही, एवढंच. कर्ज जवळपास जागच्या जागी राहतं. इकडे तुमची गावच्या पतसंस्थेत ६० हजारांची ठेव आहे, ९ टक्क्यांनी. त्यातल्या ३८ हजारांवर महिन्याला मिळतात २८५ रुपये. दीड हजार द्यायचे आणि पावणेतीनशे घ्यायचे, याला बचत म्हणता येणार नाही. ती ठेव मोडा, कार्ड पूर्ण भरा, उरलेले २२ हजार बँकेत आणा.

पतसंस्थेतूनच काढा असं सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं, संरक्षण असतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज मिळून. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. तुमच्या गावची संस्था उत्तम चालत असेल, संचालक घरच्या ओळखीचे असतील, मी त्यांच्याविषयी काहीच वाईट म्हणत नाही. पण अडीअडचणीला ठेवलेला पैसा मागितल्या दिवशी मिळायला हवा. दोन टक्के जास्त व्याजासाठी त्या पैशावर जोखीम घेऊ नये.

कार्ड भरल्यावर तुमच्याकडे बँकेतली एक लाखाची ठेव आणि हे २२ हजार राहतील. अडचणीचा निधी किती हवा? तुमचा पगार थांबला तर घर चालवायला वर्षाच्या खर्चासकट ६३ हजार लागतात. पत्नीचे १७ हजार येत राहतील असं धरलं तर खड्डा ४६ हजारांचा. तीन महिन्यांचे १ लाख ३८ हजार. म्हणजे १६ हजार कमी आहेत. एसआयपी सध्या थांबवा (त्यासाठी फंड मोडायची गरज नसते) आणि सात हजार प्रमाणे तीन महिन्यांत हा निधी पुरा करा. तुम्ही कंत्राटावर असाल तर मी तीन महिन्यांचे सहा सांगेन आणि एसआयपीला आणखी वेळ लागला तरी लागू दे म्हणेन. फंडात आत्ता असलेले २ लाख १० हजार तसेच राहू द्या.

एलआयसीचा हप्ता मी वर्षाच्या खर्चात धरला, त्यातला काही भाग खरं तर बचत आहे. पण तुम्ही लिहिलंय की ती पॉलिसी मार्चमध्ये कर वाचवायला घेतली. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. तुमचं वार्षिक उत्पन्न साडेसात लाखांच्या आत आहे. कर वाचवण्यासाठी तुम्हाला आता काहीही विकत घ्यायची गरज नाही. मार्चमध्ये कुणी तसं सांगत आलं तर एवढंच वाक्य त्यांना सांगा. जुन्या पॉलिसीचं काय करायचं, हे ती किती वर्षं भरून झाली त्यावर ठरतं. शाखेतून सरेंडरची (पॉलिसी आत्ता बंद केली तर हाती येणारी) आणि पेड-अपची (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर शेवटी मिळणारी) रक्कम लेखी मागून घ्या, मग ठरवा. मुदत थोडीच उरली असेल तर सहसा चालू ठेवणं बरं. पाच लाखांच्या त्या विम्याने घराचं वर्षभरही भागणार नाही, म्हणून टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा) मात्र घ्या आणि त्याचा हप्ताही वर्षाच्या खर्चाच्या यादीत लिहा.

गावी पाठवता त्या आठ हजारांना हात लावायचा का, असं तुम्ही जरा संकोचून विचारलंय. लावू नका. तो तुमच्या घराचाच खर्च आहे, भाड्याइतकाच पक्का. एवढंच करा : वडिलांशी एकदा निवांत बोला, की उसाचं बिल कधी आणि किती हप्त्यांत येतं, गावच्या शेती सोसायटीचं पीक कर्ज कधी फेडून नव्याने घ्यायचं असतं. काही घरांत बिल जमा झाल्यावर दोन-तीन महिने पैशाची नड नसते आणि लागवडीच्या वेळी दुप्पट असते. वर्षाचे ९६ हजार तेवढेच ठेवून ते त्यांच्या गरजेच्या महिन्यांत जास्त पाठवता आले तर त्यांना खासगी उसनवारी करावी लागत नाही. हे तुम्ही सुचवायच्या आधी त्यांना विचारा, त्यांचा हिशेब तुमच्याहून जुना आहे. वडील बहात्तर वर्षांचे आहेत, तर त्यांचं आयुष्मान कार्ड काढून घ्या. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. आधार कार्डावर काम होतं. योजनेतली रुग्णालयं ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर)-सांगली भागात कुठली, ते आजारपण येण्याआधी पाहून ठेवा.

इथवरचं एका ठिकाणी मांडते. पंचाहत्तर हजारांतले ५१,५०० दरमहाच्या खर्चाला, ११,५०० वर्षाच्या खर्चाला, ७ हजार बचतीला, ५ हजार मोकळे. पीएफ धरून दरमहा जवळपास १३ हजार साठतात. तुमची खरी कमाई पीएफसकट ८१ हजारांच्या आसपास धरली तर हे १६ टक्के होतात. टक्काच हवा होता तर हा घ्या; तेहतीसपेक्षा लहान आहे, पण हा मोडावा लागणार नाही. गाडीचा हप्ता पुढच्या वर्षी संपेल. त्या महिन्यापासून ते साडेतीन हजार, खर्चाला सापडायच्या आत, बचतीकडे वळवा. पगारवाढ होईल तेव्हा वाढीतला निम्मा बचतीला आणि निम्मा घराला द्या. सगळी वाढ बचतीत टाकली की घरच्यांना ती झाल्याचं कळतच नाही.

शेवटी तारकर्ली. तीनदा रद्द झालेली सहल, २८ हजारांचा अंदाज, आणि ‘यंदाही नकोच ना?’ असं तुम्ही विचारलंय. जा. मात्र आत्ता कार्डावर नको, आणि मे महिन्याच्या गर्दीत त्या भावाने नको. तीन महिन्यांत अडचणीचा निधी पुरा झाला की पुढचे चार महिने सात हजारांतले साडेतीन एसआयपीला आणि साडेतीन सहलीला ठेवा. त्याचे १४ हजार होतात. घराच्या मोकळ्या पैशांतले महिन्याला हजार असे आजपासून आठ महिन्यांचे ८ हजार. फेब्रुवारीपर्यंत २२ हजार हातात असतील. फेब्रुवारीत कोकणात हवा चांगली असते, खोल्यांचे दर उतरलेले असतात, मुलगी अजून छोट्या गटात आहे तेव्हा शाळेचा प्रश्न नाही. हॉटेलऐवजी घरगुती निवास घेतलात तर तिघांचे तीन दिवस बावीस हजारांत नीट बसतात. पत्नीला दवाखान्यातली रजा आत्ताच टाकायला सांगा, आणि एक तारखेला पैसे वळवताना सहलीचं खातं त्यांच्या नावावर उघडा.